डाउनविंड रेससाठी १४ फुटी सप बोर्ड घ्यायचाय, २३ इंच की २६ इंच? की जुना बुलेट बोर्ड?

विलॅमेटवाला

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण इथे प्रत्येक जण वेगळं सांगतोय आणि माझा गोंधळ वाढत चाललाय.

मी मूळचा सांगलीचा, गेली सात वर्षं ऑरेगॉनमध्ये, हिल्सबरोला. तीन वर्षं सप, म्हणजे बोर्डवर उभं राहून पॅडल मारणं, करतोय, साडेबारा फुटी हवेचा बोर्ड आहे, आणि पाणी म्हणजे हॅग लेक नाहीतर विलॅमेट नदी, सगळं सपाट. १० किलोमीटर दीड तासाच्या आत होतात, त्यामुळे आपल्याला बऱ्यापैकी येतं असं वाटायला लागलं होतं. गेल्या महिन्यात एका मित्राने त्याचा कार्बनचा बोर्ड दिला, १४ फूट बाय २३ इंच, आणि आम्ही कोलंबिया नदीच्या खिंडीत, गॉर्जमध्ये, वियेन्टो पार्कपासून हूड रिव्हरपर्यंतचा ८ मैलांचा डाउनविंड (वारा पाठीवर घेऊन लाटांवरून जाणं) केला. वारा साधारण २५ मैलांचा. सुरुवात ठीक झाली, मग वॉशिंग्टनच्या बाजूला स्वेल सिटीजवळ पोचलो आणि तिथून पुढे मी बोर्डवर कमी आणि पाण्यात जास्त होतो, तीसेक वेळा तरी पडलो असेन. उभं राहिलो की बोर्डचं नाक पुढच्या लाटेत घुसायचं, नाक वर काढायला मागे सरकायला जावं तर पाय डेकच्या कडेला अडकायचा आणि परत पाण्यात.

पण एकदा, फक्त एकदाच, पंधरा-वीस सेकंद सलग बोर्ड लाटेवर चालला. पॅडल हातात नुसतं धरलेलं, पायाखाली पाणी सळसळतंय, मी काहीच करत नाहीये आणि किनाऱ्यावरची झाडं भराभर मागे चाललीयेत. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. पुढच्या जुलैत गॉर्ज डाउनविंड रेसमध्ये उतरायचंय.

वजन ८० किलो, उंची ५ फूट ९ इंच, बजेट १,८०० डॉलर, म्हणजे सेकंडहँडच. समोर तीन बोर्ड आहेत: मित्राचा तोच २३ इंची, तो १,२०० ला देतोय. एक स्टारबोर्ड ऑल स्टार १४ बाय २६, किंमत १,७००. आणि एक जुना एसआयसी बुलेट १४ फुटी, २७ इंचांच्या आसपास, १,१००. त्याच माणसाकडे १७ फुटीही बुलेट आहे सुकाणूवाला, तो म्हणतो डाउनविंडच करायचंय तर हाच घे. २३ वर सवय होईल का कालांतराने? मित्र म्हणतो सहा महिन्यांत होते.

वेंगुर्ल्याचो_झील

२३ इंची घेऊ नकोस. आधीच सांगून टाकतो म्हणजे तू उद्या जाऊन पैसे देऊन बसायला नकोस.

मी नदीपलीकडे व्हँकुव्हरला राहतो, वॉशिंग्टनच्या, आणि २०१४ पासून दर उन्हाळ्यात गॉर्जमध्ये असतो. तू पडलास त्यात तुझा दोष फार थोडा, पाणी काय आहे ते समजून घे. उन्हाळ्यात कॅस्केड डोंगरांच्या पूर्वेचं वाळवंट तापतं, तिथली हवा वर जाते, आणि पॅसिफिकची गार हवा ती जागा भरायला या एकाच खिंडीतून आत घुसते, म्हणून पश्चिमेचा वारा. आणि नदी वाहते पश्चिमेलाच, समुद्राकडे. म्हणजे वारा प्रवाहाच्या बरोब्बर विरुद्ध, आणि अशा वेळी लाटा लांब पसरत नाहीत, आखूड होतात आणि उभ्या राहतात. (वियेन्टो म्हणजे स्पॅनिशमध्ये वारा, पण गावाचं नाव त्यावरून नाही पडलं, व्हिलार्ड, एंडिकॉट आणि टोलमन या रेल्वेवाल्या तिघांच्या नावांची पहिली अक्षरं आहेत ती. मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली होती.)

आता जरा आकडे बघ. तीन सेकंदांची लाट खोल पाण्यात ताशी १७ किलोमीटरच्या आसपास पळते आणि दोन लाटांमधलं अंतर असतं १४ मीटर, प्रवाह समोरून आला की ते अजून कमी होतं. तुझा बोर्ड सव्वाचार मीटरचा. सपाट पाण्यावर १४ फुटी बोर्ड ताशी ९-१० च्या वर न्यायला जीव जातो. म्हणजे लाट तुझ्यापेक्षा कितीतरी वेगाने चाललीये, तिला गाठायची तर शेपटी उचलली गेली त्या क्षणी पाच-सहा जोरदार स्ट्रोक मारून उतारावर घसरायचं आणि लगेच एक-दोन पावलं मागे जाऊन नाक मोकळं करायचं. बोर्ड निवडायचा तो हे करू देणारा. सपाट पाण्याचा बोर्ड असतो चाकूसारखा, नाक सरळ आणि धारदार, रॉकर, म्हणजे नाकाचा वर वळलेला बाक, जवळपास नाही, आणि डेक खोल टबासारखा म्हणजे उभं राहायची जागा पाण्याच्या पातळीला येते. तलावावर झकास. पण इथे ते धारदार नाक पुढच्या लाटेच्या पाठीत घुसतं आणि टबाची उंच कड तुझा मागे जाणारा पाय अडवते. तू लिहिलंयस ना पाय अडकायचा, तेच ते. सहा महिन्यांत तोल येईल रे, पण नाकाचा आकार बदलणार नाही.

डाउनविंडचा बोर्ड म्हणजे नाकाला रॉकर, नाकात भरपूर हवा म्हणजे बुडालं तरी उसळून वर येतं, शेपटी जरा निमुळती म्हणजे वळतो, आणि डेक असा की डोळे मिटून मागे-पुढे चालता यावं. बुलेट नेमका या कामासाठीच बनवलेला, माझा पहिला तोच होता, चांगला बोर्ड. ऑल स्टार सगळ्या पाण्यांसाठीचा, पण लाटांकडे झुकणारा. २६ इंच तुझ्या वजनाला योग्य.

१७ फुटीचा मोह टाळ. मोलोकाई ते ओआहू रेस होते ना हवाईत, ३२ मैल, कैवी चॅनेलमधून, तिथे ते लांब बोर्ड पायाच्या सुकाणूसकट उडतात, कारण तिथल्या लाटांमध्ये अंतर खूप असतं. गॉर्जमध्ये १७ फुटी बोर्डची शेपटी एका लाटेवर असते तेव्हा नाक दुसरीत रुततं. आणि बहुतेक रेसमध्ये मोठा क्लास १४ फुटीचाच असतो.

पर्थची_ताई

झीलदादांनी आकार छान समजावला, मी रुंदीबद्दल बोलते.

मी पर्थला असते, इथे उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून नैर्ऋत्येचा गार वारा सुटतो, त्याला सगळे फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात. आम्ही आठवड्यातून दोनदा तरी किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे डाउनविंड करतो. माझं वजन ६१ आणि सध्याचा बोर्ड १४ बाय साडेचोवीस, पण सुरुवात मी साडेसव्वीसवर केली आणि दोन सीझन त्यावरच राहिले. तेव्हा आमच्या ग्रुपमधले सगळे अरुंद बोर्डवर जात होते आणि मलाही वाटायचं की आपण उगाच मागे राहतोय. पण मग एक गोष्ट लक्षात आली. पहिली वीस मिनिटं ते पुढे असायचे, चाळिसाव्या मिनिटानंतर मी त्यांना गाठायचे. कारण पाय थकले की अरुंद बोर्डवर माणूस पॅडल मारायचं सोडून तोल सांभाळायला पाण्यावर पॅडल टेकवत बसतो, लाट खालून निघून जाते आणि हा तिथेच. लाट पकडायची तर पॅडल मारता आलं पाहिजे, आणि मारायचं तर पायाखालची फिकीर नको. एकदा पडून परत चढून वेग घेईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात, शिवाय दम जातो तो वेगळाच.

म्हणून रुंदी ठरवताना ताजेतवाने असताना बोर्डवर उभं राहून बघू नका. आधी तासभर पॅडल करा, मग बाजूने लाटा येतायत अशा ठिकाणी दहा मिनिटं नुसते थांबा. तिथे पाय थरथरले तर एक-दोन इंच रुंद घ्या. ८० किलोला गॉर्जसारख्या उभ्या लाटांत पहिल्या वर्षी २६ पेक्षा कमी मी तरी सांगणार नाही, २७ सुद्धा चालेल.

आणि बोर्डच्या आधी लीश, म्हणजे पाय बोर्डला बांधणारी दोरी, नवीन घ्या, हे मी हात जोडून सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या लीशचं वेल्क्रो झिजलेलं होतं, मला माहीत होतं, पुढच्या आठवड्यात बदलू म्हणून तशीच गेले. किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर पडले, पायाला एक झटका बसला आणि वेल्क्रो उघडल्याचा तो कर्र आवाज मला पाण्याखालीसुद्धा ऐकू आला. वर आले तर बोर्ड दहा मीटरवर उलटा पडलेला, मी चार हात मारले तोवर वीस मीटरवर, मग दिसेनासाच झाला. २० नॉटच्या वाऱ्यात १२ किलोचा बोर्ड पानासारखा उडत जातो, कुणीही पोहून गाठू शकत नाही. लाइफ जॅकेट अंगात होतं आणि मागून येणारा सर्फस्कीवाला थांबला म्हणून मी आज लिहितेय. त्याच्या बोटीला धरून किनारा गाठायला चाळीस मिनिटं लागली.

फॉइल_फॉइल

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात असतो, पूर्वी १४ फुटी करायचो, गेली तीन वर्षं डाउनविंड फॉइल. आता बहुतेक लोक फॉइलकडे वळलेत, ७-८ फुटांचा अरुंद बोर्ड, खाली पंख, एकदा पाण्याच्या वर आलात की एका लाटेवरून दुसरीवर. तुमच्या फायद्याची गोष्ट ही की त्यामुळे १४ फुटी चांगले बोर्ड अर्ध्या किमतीत निघतायत. ऑल स्टारचे १,७०० मला जास्त वाटतात, १,४०० म्हणून बघा, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर अजून उतरेल.

थेट फॉइल घेऊ का असा विचार मनात येईलच, तर एवढंच सांगतो की पाण्यातून वर उचलायचं टेक्निक म्हणजे लाट ओळखणंच आहे, आणि ते १४ फुटीवर शिकलेल्यांना लवकर येतं. माझ्या बरोबरीने सुरू केलेल्यांत ज्यांनी आधी दोन सीझन लांब बोर्ड केला होता ते महिन्याभरात उडायला लागले, बाकीचे उन्हाळाभर पोहत होते. शिवाय तुम्हाला जुलैत रेस करायचीय.

एक टीप, मागे वळून लाटेकडे बघायची सवय लागू देऊ नका. मागची लाट शेपटीला कळतेच. नजर पुढे, दोन लाटांमधला खड्डा कुठे पडतोय तिकडे, आणि नाक त्या खड्ड्यात वळवायचं.

विलॅमेटवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचा लीशचा प्रसंग वाचून मी आत्ता उठून गॅरेजमध्ये जाऊन माझी लीश बघून आलो, वेल्क्रोच्या कडा उचललेल्या आहेत. उद्याच नवीन आणतो.

२३ आणि १७ फुटी दोन्ही यादीतून काढले. शनिवारी ऑल स्टार आणि १४ फुटी बुलेट दोन्ही बघायला जातोय. वापरलेला कार्बन बोर्ड बघताना नेमकं काय तपासायचं? वरून तर दोन्ही चकाचक दिसतायत फोटोत.

वेंगुर्ल्याचो_झील

फोटोवर जाऊ नको. वजनकाटा घेऊन जा, बाथरूममधला चालतो, आधी तू एकटा उभा राहा, मग बोर्ड उचलून उभा राहा, वजाबाकी कर. कंपनीने लिहिलेल्या वजनापेक्षा किलोभर जास्त भरला तर समज की आत पाणी गेलंय, आतला फोम पाणी प्यायला की ते सहजासहजी निघत नाही.

मग उभं राहायच्या जागी पॅडच्या आजूबाजूला अंगठ्याने दाबत जा. चांगला डेक दगडासारखा लागतो, जिथे कातडं फोमपासून सुटलंय तिथे दबतो आणि बारीक टक-टक आवाज येतो. नाण्याने हळूच ठोकून बघितलंस तरी आवाजातला फरक कळतो, आपण नारळ वाजवून बघतो तसं. फिन, म्हणजे शेपटीखालचं पातं, बसतं त्या बॉक्सच्या चारी बाजूंना केसासारखी चीर आहे का बघ, बोर्ड उथळ पाण्यात आपटला की पहिली तिथेच जाते. कडांना पॅडल लागून लागून टवके उडालेले असतात, त्याने काही बिघडत नाही, पण काळा कार्बन उघडा पडलेला असेल तर आधी ते भरून घे. हवेचा स्क्रू काढून त्याचं रबर बघ, वाळून भेगाळलं असेल तर दोन-तीन डॉलरमध्ये नवीन मिळतं पण विकणाऱ्याने काळजी किती घेतलीय ते कळतं.

ऑल स्टार घेणार असशील तर त्या वर्षाच्या मॉडेलचा डेक किती खोल आहे ते बघ, आणि गवतावर ठेवून त्यावर उभा राहून पाठीमागे न बघता तीन पावलं मागे जा, परत पुढे ये, दहा वेळा. खाली जुनी गादी नाहीतर टॉवेल घाल, फिन काढून ठेव. पाय कडेला लागला तर तो तुझा बोर्ड नाही. डेकमध्ये बादलीभर पाणी ओत आणि किती वेळात निघून जातंय ते बघ.

आणि घरी आणताना, तू I-८४ ने गाडी चालवणार, गॉर्जमध्ये रस्त्यावरही तोच वारा असतो. नुसत्या दोन पट्ट्यांवर विसंबू नकोस, नाकाला आणि शेपटीला वेगळी दोरी गाडीच्या पुढच्या-मागच्या हुकाला बांध. पट्टी बांधताना तिला एक-दोन पीळ दे, नाहीतर ताशी ५० मैलांवर अशी भणभणते की डोकं उठतं.

तारकर्लीकर

मी इथे तारकर्लीला पर्यटकांना सप शिकवतो, साडेदहा फुटी रुंद बोर्ड. हे सगळं वाचून विचारावंसं वाटलं, आपल्याकडे मार्च ते मे दुपारी वायव्येचा वारा असतो, मालवणहून देवबागपर्यंत असा डाउनविंड होईल का? पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, समुद्रच बंद.

वेंगुर्ल्याचो_झील

तू तर गावचोच निघालस रे, बरां वाटला.

होईल की. मी गावी आलो होतो तेव्हा एप्रिलमध्ये भाड्याच्या बोर्डवर करून बघितलंय, मालवणच्या बाजूला किल्ल्याजवळचे खडक सोडून बाहेरून निघालो आणि तारकर्लीला उतरलो. वारा पाठीवर थोडा उजवीकडून येतो, लाट गॉर्जसारखी उभी नसते, लांब आणि हळू असते, शिकायला उत्तम. पण देवबागच्या संगमापर्यंत जाऊ नको, निदान ओहोटी असताना अजिबात नको. कर्ली नदीचं पाणी बाहेर ओढत असतं आणि समोरून वारा नि लाट, म्हणजे मी वर गॉर्जचं लिहिलंय तीच गोष्ट, फक्त तिथे खाली वाळूचे बांध असल्यामुळे लाट फुटते. तिथले रापणवाले आणि होडीवाले भरतीची वेळ बघूनच आत-बाहेर करतात, त्यांना विचारून जा. त्यांची उलांडीची होडी तिथे कशी काढतात ते किनाऱ्यावर बसून एकदा नीट बघ, लाटेवर नाक कुठे ठेवायचं हे मी त्यांच्याकडून जितकं शिकलो तितकं इथे कुणाकडून नाही शिकलो.

बोर्डचं म्हणशील तर १४ फुटी कार्बन तिकडे आणू नको, ने-आण आणि दुरुस्ती दोन्ही महाग पडेल. साडेबारा फुटी, २८ इंचांचा, नाकाला रॉकर असलेला कुठे मिळाला तर बघ.

विलॅमेटवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. बुलेटचं वजन काट्यावर पावणेदोन किलो जास्त भरलं, विकणाऱ्या काकांनाच धक्का बसला, त्यांना खरंच माहीत नव्हतं. तो सोडला. ऑल स्टार १,४५० ला मिळाला. पार्किंगच्या गवतावर टॉवेल घालून दहा वेळा मागे-पुढे चाललो, पाय एकदाही लागला नाही.

काल परत वियेन्टो ते हूड रिव्हर केलं. वारा २२ ते २५, तसाच. सात वेळा पडलो, एक तास चाळीस मिनिटं लागली. स्वेल सिटीच्या पुढे एकदा नाक पूर्ण पाण्याखाली गेलं, पुढचे दोन फूट हिरव्या पाण्यात दिसत होते, मी मागे गेलो आणि ते आपोआप वर आलं, पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून गेलं आणि ग्लाईड सुरूच राहिली. ओरडलो मी. मध्ये एक बार्ज आला, गव्हाने भरलेला, टगबोट मागून ढकलत होती, आम्ही चॅनेलच्या बाहेर जाऊन तो जाईपर्यंत गुडघ्यावर बसून राहिलो.

एकच अडचण, ऑरेगॉनच्या काठाकडे परत येताना लाट तिरकी येते तेव्हा शेपटी बाजूला घसरते, सारखी एकाच बाजूला पॅडल मारावं लागतं. आणि शेवटच्या दोन मैलांत फिनला शेवाळ अडकलं होतं. सोबत आलेली फिन उभी आणि पातळ आहे, सपाट पाण्याची असावी.

पर्थची_ताई

सात म्हणजे खूपच छान, अभिनंदन!

हो, फिनच आहे ती. मागे झुकलेली घ्या, साधारण ८ इंच खोल आणि बुडाशी रुंद, म्हणजे शेवाळ घसरून जातं आणि तिरक्या लाटेत शेपटी धरून ठेवते. फार मोठी घेऊ नका, नाक खड्ड्यात वळवायला जड जातं. बॉक्समध्ये फिन पुढे-मागे सरकते ना, आधी पूर्ण मागे लावून एक रन करा, मग एक इंच पुढे घेऊन दुसरा, एकाच दिवशी, फरक लगेच कळेल. आणि पॅडल सपाट पाण्याच्या लांबीवर असेल तर तीनेक सेंटिमीटर कमी करून बघा, गुडघे वाकवून उभं राहिल्यावर लांब पॅडलने खांदे दुखतात.

लीश नवी होती ना?

विलॅमेटवाला

नवी होती ताई, पोटरीला बांधायची घेतली. आणि लाइफ जॅकेट कमरेच्या पट्ट्याचं नाही, अंगात घालायचं घेतलंय.